माळ्यावरचा कॅमेरा आणि चार कोटींची बातमी

नानांचा चाळिसावा झाला आणि दुसऱ्याच दिवशी मोठ्या मामूंनी माळा उतरवायला घेतला. मिरजेच्या त्या जुन्या घराच्या माळ्यावर कित्येक वर्षांत कोणी चढले नव्हते. तांब्याचे हंडे, मोडका पाळणा, उंदरांनी कुरतडलेली रजई असे एकेक खाली येत होते. सगळ्यात शेवटी सतरंजीत गुंडाळलेली एक पेटी आली. गाठ सोडली तर आत नानांचा स्टुडिओतला कॅमेरा होता. सागवानी लाकूड, काळवंडलेले पितळ, हार्मोनियमसारखा घड्यांचा भाता आणि मागे दुधी काच. अम्मीने ओढणीच्या टोकाने धूळ पुसली आणि ती बराच वेळ काही बोलली नाही.

तेवढ्यात खालाच्या मुलाने मोबाइलवर शोधून एक बातमी वाचून दाखवली. व्हिएन्नामध्ये एका लाकडी प्लेट कॅमेऱ्याला लिलावात ७ लाख ३२ हजार युरो मिळाले होते. त्या वेळच्या भावाने चार कोटी रुपयांहून जास्त.

घरात एकदम शांतता पसरली. मग धाकट्या मामूंनी बोटांवर हिशेब केला. नानी आधीच अल्लाहला प्यारी झालेली. तीन मुलगे, दोन मुली, म्हणजे एकूण आठ हिस्से. तिघा मामूंना एकेक कोटी, अम्मीला आणि खालाला पन्नास-पन्नास लाख. हिशेब अगदी शरियतप्रमाणे बरोबर होता. प्रश्न एवढाच होता, की ते चार कोटी या पेटीत होते का?

पुढचे तीन-चार महिने या एका प्रश्नाच्या मागे गेले. त्यात जे कळले ते इथे लिहिते आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असा एखादा कॅमेरा, आजोबांचे घड्याळ किंवा जुना ग्रामोफोन पडून असतो, आणि अशी एखादी बातमी आली की घरात कुजबुज सुरू होते.

चार कोटींचा कॅमेरा कोणता?

बातमी खोटी नव्हती. मे २०१० मध्ये व्हिएन्नाच्या वेस्टलिख्ट या संस्थेने तो लिलाव केला होता. पण विकला गेलेला कॅमेरा होता १८३९ सालचा, म्हणजे फोटोग्राफीच्या जन्मवर्षाचा. त्याच वर्षी १९ ऑगस्टला पॅरिसमध्ये लुई दागेर यांची छायाचित्र काढण्याची कृती जगासमोर उघड करण्यात आली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर ते चित्र उमटत असे. हा कॅमेरा बनवून विकण्याचा करार दागेर यांनी आपल्या पत्नीचे नातलग अल्फोन्स जिरू यांच्याशी केला होता. किंमत ४०० फ्रँक. त्याला भाताही नव्हता. एकात एक सरकणाऱ्या दोन लाकडी पेट्या, पुढे शेव्हालिए यांची भिंग आणि मागे काच, एवढाच सगळा संसार.

त्या कॅमेऱ्याच्या बाजूला एक लंबगोल पट्टी असे. दागेर यांची सही आणि जिरू यांची मोहोर नसेल तर कोणत्याही यंत्राची हमी नाही, असे त्यावर लिहिलेले असे. दागेर स्वतः सही करत. नकली मालाची भीती तेव्हाही होतीच. त्या पट्टीने १८३९ च्या गिऱ्हाइकाला हमी दिली आणि पावणेदोनशे वर्षांनी लिलावातल्या गिऱ्हाइकालाही तीच हमी दिली. तो कॅमेरा उत्तर जर्मनीतल्या एका घरात होता. सत्तरच्या दशकात मुलगा चष्मे-भिंगांच्या कामाची परीक्षा पास झाला म्हणून वडिलांनी त्याला तो बक्षीस दिला होता.

त्याआधी, २००७ मध्ये, त्याच संस्थेत सूस फ्रेर या पॅरिसच्या दुकानाचा कॅमेरा ५ लाख ८८ हजार ६१३ युरोंना गेला होता. तोही १८३९ चाच. या दुकानाने असा कॅमेरा ३५० फ्रँकना विकायला काढला होता हे जुन्या जाहिरातीवरून माहीत होते, पण प्रत्यक्ष कॅमेरा कोणी पाहिलेला नव्हता. एकही उरलेला नाही असेच जाणकार धरून चालले होते. मग जर्मनीतल्या एका घराच्या माळ्यावर तो सापडला.

हे वाचून मामूंना हुरूप आला. "बघा, तोही माळ्यावरच होता!" पण माळा सारखा असला म्हणून माल सारखा होत नाही.

जुने म्हणजे महाग नव्हे

आपला सगळ्यांचा एक समज असतो, की वस्तू जितकी जुनी तितकी किमती. लिलावाचा बाजार तसा चालत नाही. तिथे चार गोष्टी पाहतात.

पहिली, अशा किती वस्तू उरल्या आहेत. जिरूचे कॅमेरे साऱ्या जगात डझन-दीड डझन असतील. याउलट १८९० ते १९१० या काळात इंग्लंडमध्ये महोगनी आणि पितळेचे प्लेट कॅमेरे हजारोंनी बनले. मँचेस्टरकडच्या थॉर्नटन-पिकार्ड कंपनीचे कॅमेरे तर जगभर गेले. दिसायला ते देखणे, वयाने शंभरी ओलांडलेले, पण इंग्लंडच्या लिलावात त्यातला साधा हाफ प्लेट कॅमेरा शंभर ते तीनशे पौंडांच्या आसपास जातो.

दुसरी, वस्तू मूळ रूपात आणि पूर्ण आहे का. कॅमेरा एकाचा, भिंग दुसऱ्याची, भाता नवा, प्लेट ठेवायची चौकट हरवलेली, असे असेल तर किंमत निम्म्याहून खाली येते.

तिसरी, बनवणारा कोण आणि कशासाठी बनवला. इथे हिंदुस्थानचा थेट संबंध येतो. आपल्याकडच्या दमट हवेत महोगनीचे सांधे उकलत, डिंक सुटे, चामड्याला कसर लागे. म्हणून इंग्रज कंपन्यांनी उष्ण देशांसाठी खास कॅमेरे काढले. लाकूड सागवान, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, सांध्यांना स्क्रू आणि भात्याला किडीला दाद न देणारे रशियन चामडे. केंब्रिजचे सुतारकाम जाणणारे फ्रेडरिक सँडरसन यांच्या नावाचा सागवानी कॅमेरा, किंवा मॅरियन कंपनीचा लाल भात्याचा ट्रॉपिकल सोहो रिफ्लेक्स, हे आज संग्राहकांचे लाडके आहेत. साध्या काळ्या सोहोच्या कित्येक पट किंमत या सागवानी भावंडाला येते. त्यामुळे सागवानी कॅमेरा सापडला तर नाव नीट वाचा.

चौथी, ती वस्तू कोणाच्या हातात होती. जून २०२२ मध्ये जर्मनीत वेत्सलारला लायका कंपनीच्या १०५ क्रमांकाच्या कॅमेऱ्याला १ कोटी ४४ लाख युरो मिळाले, म्हणजे शंभर कोटी रुपयांहून अधिक. तो प्लेट कॅमेरा नव्हे. उलट प्लेट कॅमेऱ्यांना माळ्यावर पाठवणाऱ्या छोट्या फिल्म कॅमेऱ्यांचा तो पूर्वज. १९२३ च्या सुमाराला असे सुमारे दोन डझन नमुने बनले. त्यातला हा नमुना ज्यांनी तो शोधला त्या ओस्कर बारनाक यांच्या स्वतःच्या वापरातला, त्यांचे नाव कोरलेला. त्याच मालिकेतल्या दुसऱ्या एका कॅमेऱ्याला २०१८ मध्ये २४ लाख युरो मिळाले होते. मधला मोठा फरक एका नावाचा.

मामूंचे पॉलिश

आमचा कॅमेरा यात कुठे बसतो हे विचारायला मामू मुंबईला एका वयस्कर कॅमेरा दुरुस्ती करणाऱ्यांकडे गेले. जाण्याआधी त्यांनी एक काम केले. पितळ पावडरीने घासून सोन्यासारखे चमकवले आणि लाकडावर व्हार्निशचे दोन हात मारले.

म्हाताऱ्या उस्तादांनी फडके उलगडले, पितळेवर बोट फिरवले आणि म्हणाले, "मियाँ, हे काय केलंत? नवरी समजून सजवलीत?"

मग त्यांनी समजावले. जुन्या पितळेवर कारखान्यातच लाखेचा पातळ थर दिलेला असतो. घासला की तो जातो, आणि कोरलेली अक्षरे बुजतात. लाकडाचा मूळ रंग हाच त्याचा जन्मदाखला. नवे व्हार्निश मारले की तो दाखला फाडल्यासारखे होते. जाणकार गिऱ्हाईक धुळीला घाबरत नाही, ताज्या पॉलिशला घाबरते.

त्यांनी भिंग काढून पाहिली. अशा कॅमेऱ्यात पुष्कळदा लाकडापेक्षा भिंगच जास्त किमती असते. लंडनच्या डालमायर किंवा रॉस यांच्या जुन्या पितळी पोर्ट्रेट भिंगांना आजही मागणी आहे, कारण जुन्या पद्धतीने फोटो काढणारे हौशी लोक जगभर आहेत. डालमायरच्या भिंगेवर क्रमांक असतो आणि त्यावरून तिचे साल काढता येते. म्हणूनच काही व्यापारी "जरा तपासून देतो" म्हणत भिंग तेवढी ठेवून घेतात आणि लाकूड परत करतात.

शेवटी त्यांनी पुढची पाटी कापसाने हलके पुसली. आलेप्पी असे वाचता आले. उस्ताद हसले. "हा विलायती नाही. हा आपला वागीश्वरी."

केरळातल्या आलप्पुळा गावी, म्हणजे जुन्या आलेप्पीत, के. करुणाकरन यांनी १९४० च्या दशकात हे कॅमेरे बनवायला सुरुवात केली. त्यांच्या घरी वाद्ये दुरुस्त करण्याचे काम चाले. हार्मोनियमचा भाता जाणणाऱ्या हातांकडे कॅमेऱ्याचा भाता आला, आणि त्यातून पुढे सागवानाचा आख्खा कॅमेराच उभा राहिला. देशभरातल्या स्टुडिओंनी तो वापरला. अम्मीला मग आठवले, की नानांच्या कॅमेऱ्याचा भाता एकदा फाटला तेव्हा त्यांनी तो मिरजेतल्या एका पेटीवाल्याकडूनच शिवून घेतला होता. सतारींच्या आणि तंबोऱ्यांच्या गावात भाता शिवणारा हात मिळायला अडचण नव्हती.

"किंमत?" मामूंनी विचारले.

"शौकीन माणूस भेटला तर काही हजार. तुम्ही घासला नसता तर थोडे जास्त."

मामूंनी घरी येऊन पुन्हा आठ हिस्से केले. या वेळी कोणी कागद-पेन्सिल मागितली नाही.

विकायचाच असेल तर

ज्यांना विकायचे आहे त्यांनी जरूर विकावे, त्यात गैर काही नाही. पण काही गोष्टी आधी कराव्यात.

वस्तू जशी सापडली तशीच ठेवा. घासू नका, तेल लावू नका, भाता जबरदस्तीने उघडू नका. वाळलेले चामडे घडीवर फाटते. पेटी, तिपाई, काळे फडके, प्लेटच्या चौकटी, जुनी पावती, सूचनापुस्तिका हे सगळे एकत्र ठेवा. एकेक विकले तर एकूण रक्कम कमी येते.

कॅमेरा घरात कधी आला, कोणाकडून आला, कोणी वापरला हे जाणत्या माणसाकडून लिहून घ्या. घरातली वडीलधारी माणसे आहेत तोवरच हे होऊ शकते.

लिलावात हातोडा पडतो त्या आकड्यावर घेणाऱ्याला वेगळे शुल्क द्यावे लागते, आणि विकणाऱ्याच्या रकमेतून संस्थेचे कमिशन कापले जाते. बातमीतला आकडा पुष्कळदा शुल्क धरून असतो. लायकाच्या त्या लिलावात हातोडा १ कोटी २० लाख युरोंवर पडला होता. वरचे सगळे शुल्क. किमान अमुक किमतीखाली विकायचे नाही, अशी राखीव किंमत आधी ठरवून ती लेखी घ्यावी.

कायदाही पाहावा लागतो. १९७२ च्या पुराणवस्तूंविषयीच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे विज्ञान, कला, कारागिरी यांची साक्ष देणारी शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुराणवस्तू ठरू शकते. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. परदेशी गिऱ्हाईक भेटले म्हणून कॅमेरा कुरिअरने धाडला, असे करता येत नाही. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारणा करावी.

घेणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. चोर बाजारात आणि ऑनलाइन लाकूड-पितळेचे "अँटिक" कॅमेरे भरपूर दिसतात. त्यातले बरेच दिवाणखान्यात ठेवण्यासाठी आज बनवलेले असतात. मागे दुधी काच आहे का, तिथे प्लेटची चौकट नीट बसते का, भाता उजेड अडवतो का, भिंग पुढे-मागे सरकवल्यावर काचेवर उलटे चित्र स्पष्ट उमटते का, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. आणि सगळ्या नकला फसवणुकीच्या नसतात. जर्मनीच्या फोइग्टलेंडर कंपनीने आपल्या दोनशेव्या वर्षी, १९५६ मध्ये, स्वतःच्या पहिल्या पितळी कॅमेऱ्याच्या प्रतिकृती काढल्या. त्या प्रतिकृती म्हणूनच विकल्या जातात आणि चांगल्या भावाने जातात. मालातले खरे काय ते सांगून विकले की सौदा स्वच्छ राहतो.

शेवटची गोष्ट वारसांची. अशी वस्तू तरक्याचा भाग असते. ज्याच्या घरी माळा त्याची वस्तू, असे होत नाही. सगळ्यांना विचारून, सगळ्यांसमोर भाव ठरवून विकावी. काही हजारांसाठी तुटलेली बोलचाल पुढे कितीही खर्च केला तरी जुळत नाही.

पेटीखालचे डबे

कॅमेऱ्याच्या गडबडीत एका गोष्टीकडे कोणाचेच लक्ष नव्हते. त्याच सतरंजीखाली पुठ्ठ्याचे सहा डबे होते. धाकट्या मामूंना वाटले, आत फ्रेमच्या काचा आहेत. उस्तादांनी निघताना विचारले होते, "काचा आहेत का? विकू नका, धुऊ नका." तेव्हा ते आठवले.

डब्यात नानांच्या प्लेटा होत्या. प्लेट कॅमेऱ्यात फिल्म नसते, काच असते. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरांनी सरसाचा, म्हणजे जिलेटिनचा, लेप दिलेली कोरडी प्लेट सुचवली, आणि पुढे अशा तयार प्लेटा डब्यांत मिळू लागल्या. फोटोग्राफर काळ्या फडक्याखाली डोके घालून दुधी काचेवर उलटे चित्र पाहायचा, काचेच्या जागी प्लेटची चौकट बसवायचा, झाकण ओढायचा आणि "हलू नका" म्हणत टोपण काढायचा. हाफ प्लेट म्हणजे पावणेसात बाय साडेसहा नव्हे, पावणेपाच बाय साडेसहा इंच. मामू हे दर वेळी चुकायचे. फुल प्लेटचे साडेआठ बाय साडेसहा हे माप दागेर यांच्या पहिल्या पत्र्यापासून चालत आलेले आहे.

गावोगावच्या स्टुडिओंतल्या अशा हजारो प्लेटा नाहीशा झाल्या. लेप गरम पाण्याने खरवडला की स्वच्छ काच मिळायची, आणि ती फोटोफ्रेमला, खिडकीला, कोंबड्यांच्या खुराड्यालाही वापरली जायची. नानांनी सहा डबे का ठेवले, हे विचारायला आता ते नाहीत.

आम्ही एक प्लेट खिडकीशी धरली. उलटी काळी-पांढरी आकृती, टोपी, दाढी, कोटाचे बंद गळे. कडेला नानांच्या अक्षरात उर्दूत नाव आणि "हज १९५८". खालाने मोबाइलने त्याचा फोटो काढून रंग उलटे केले आणि पडद्यावर एक माणूस आमच्याकडे बघू लागला. मोठ्या मामूंनी ओळखले. आमच्याच मोहल्ल्यातल्या शेजाऱ्यांचे आजोबा.

त्या काळी हजला जायचे म्हणजे मुंबईहून जहाजाने. कागदपत्रांसाठी फोटो लागे. एरवी जी माणसे फोटोच्या वाऱ्याला उभी राहत नसत, तीही त्या एका वेळी नानांच्या स्टुडिओत खुर्चीवर ताठ बसली. कित्येकांचा आयुष्यातला तो एकमेव फोटो. आमच्या शेजाऱ्यांकडे आजोबांची एकही तसबीर नव्हती. मामूंनी छापून नेलेली प्रत त्यांनी दोन्ही हातांत धरली आणि म्हणाले, "अब्बा सांगायचे, माझं कपाळ त्यांच्यासारखं आहे. आज पाहिलं."

आपल्या घरी अशा प्लेटा असतील तर त्या कडांना धरून उचला. एक बाजू चकचकीत असते, दुसरी मंद. मंद बाजूवर चित्र असते, तिला बोट, पाणी, फडके लावू नका. एकावर एक रचू नका, खालच्या काचा वजनाने फुटतात. साध्या पांढऱ्या कागदाच्या पाकिटात एकेक घालून, लांब कडेवर उभ्या, कोरड्या जागी ठेवा. पाकिटावर नाव लिहायचे ते प्लेट आत घालण्याआधी. स्कॅनर नसेल तर पांढरा उजेड दाखवणाऱ्या पडद्यासमोर धरून मोबाइलनेही कामापुरती नक्कल होते. आणि काही नको असेल तर फेकण्याआधी एखाद्या संग्रहालयाला विचारा. गुरुग्राममध्ये २०१९ पासून म्युझिओ कॅमेरा हे कॅमेऱ्यांचे खास संग्रहालय आहे. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती आणि त्यात नारायण दाजींसारखी आपली मराठी माणसे होती. हा इतिहास बराचसा अशाच घरगुती डब्यांतून मिळतो.

कॅमेरा विकला नाही. पाचही भावंडांनी मिळून तो मोठ्या मामूंच्या बैठकीत ठेवला आहे, व्हार्निशसकट. डब्यांत एकूण एकशे चौदा प्लेटा निघाल्या. अकरा फुटलेल्या होत्या. बाकीच्यांवरची नावे खालाने वहीत उतरवली आणि जुम्याच्या नमाजनंतर मामू ती वही घेऊन मशिदीबाहेर बसू लागले. आतापर्यंत सत्तावीस घरांत आजोबा पोहोचले आहेत. पैसे कोणाकडून घेत नाहीत. छपाईचा खर्च आठ हिश्श्यांत वाटून घेतात.